स्वतःचा कौल: ब्लॉग लिहिणाऱ्यांचे आणि पुस्तक स्वतःच काढणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासणं आणि गरज असेल तिथे संपादन करणं हे माझं काम. यातल्या बऱ्याच जणांचा हात ब्लॉगवर लिहूनच बसलेला असतो. कागद कोणता, बांधणी कशी, हे ते प्रेसवाल्याला विचारतात. मला विचारतात ते वेगळंच: हे बरं झालंय का, छापू का, अमुक जण म्हणतात ते ऐकू का. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझी उत्तरं पटली नाहीत तर खुशाल सोडून द्या. विषयच तसा आहे.

संपादक नाही, प्रकाशक नाही. मग लिहिलेलं चांगलं आहे की नाही हे मला कळणार कसं?

लगेच नाही कळणार. लेख संपवला त्या रात्री तो फार भारी वाटतो आणि सकाळी चहा घेताना अगदी भिकार. ही दोन्ही मतं कामाची नाहीत. लेख बाजूला ठेवा. विसरल्यासारखा झाला की कागदावर छापून घ्या आणि मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांबलेलं असतं. जिथे तुम्ही आपोआप भरभर वाचायला लागता तिथे मजकूर पातळ झालेला असतो, आणि हे तुमच्या जिभेला तुमच्या आधी कळतं.

पण हे झालं एका लेखाचं. आपल्या मतावर एकंदरीत किती विसंबायचं, याला एक उपाय मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे करतात. लेख लोकांपुढे ठेवण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: हा कुणासाठी आहे, यातला कोणता भाग मला कच्चा वाटतो, आणि तरीही मी तो का ठेवतो आहे. तारीख घाला, वही मिटा. वर्षभराने ती उघडून लेख पुन्हा वाचा. एखाद्याला दिसतं की विनोद जमला असं वाटतं तेव्हा तो हमखास फसलेला असतो, पण माणसांच्या वर्णनाबाबतचा आपला अंदाज सहसा चुकत नाही. दुसऱ्याला दिसतं की शेवट कच्चा वाटत असूनही आपण तो दर वेळी तसाच सोडतो. ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हा सल्ला कुणीही देतं. नेमका कशाबाबत ठेवायचा आणि कशाबाबत अजिबात नाही, हे वहीतून कळतं.

घरच्यांना आणि मित्रांना वाचायला दिलं. सगळे ‘छान’ म्हणाले.

म्हणणारच. घरचे लोक लेख वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात. ‘कसं वाटलं’ हा प्रश्नच विचारू नका. ‘वाचताना मधे कुठे उठलात?’ असं विचारा. उठून गॅस बंद करायला गेले ते पान कोणतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. आणि लेख न वाचताच कौटुंबिक ग्रुपवर अंगठा दाखवणारे काका असतात, त्यांच्यावर रागवू नये.

मग वाचून दाखवायचं तरी कुणाला?

ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला. आणि ज्याला त्यातलं काहीच माहीत नाही अशा एकाला.

या बाबतीत मला कायम जोतीराव फुले आठवतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ साली लिहून पुरा केला. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक चळवळीतले त्यांचे सहकारी. लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’ या पत्रात पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढची छापायला लोखंडे तयार झाले नाहीत. परका कुणी संपादक नाही, आपल्याच चळवळीचं पत्र, आणि तरी नकार! फुल्यांनी मजकुराची धार कमी केली नाही. ‘आमच्यात भेकड छापखानेवाले आहेत’ अशा अर्थाची नोंद करून त्यांनी छपाई तूर्त बाजूला ठेवली.

एवढीच गोष्ट सांगितली तर ती हट्टाची वाटेल. खरी गोम पुढे आहे. हा मजकूर त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. शेतकऱ्याची दुर्दशा शेतकऱ्यांच्या मुलखात वाचली गेली आणि एका राजापुढेही. एवढी तपासणी झाल्यावर एका संपादकाच्या ‘नाही’ला किती किंमत द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाकडे येतो. पुढे १८८५ साली मराठी ग्रंथकार सभेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी जाहीर पत्र लिहून ते नाकारलं. कुणाचं प्रशस्तिपत्र आपल्याला नको आहे, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुम्ही कोकणातल्या भातलावणीवर लिहिलं असेल तर आजही चिखलात उतरणाऱ्या एखाद्या काकूंना ते वाचून दाखवा. मुंबईच्या लोकलमधल्या महिलांच्या डब्यावर लिहिलं असेल तर लातूरच्या मैत्रिणीला पाठवा. काकू तपशिलातली खोट काढतील, आणि तुम्ही काय गृहीत धरून चालला आहात ते मैत्रीण सांगेल. साहित्यिक मित्राचा नंबर या दोघींनंतर.

ब्लॉगवर ज्या लेखाला सगळ्यात जास्त वाचक मिळाले, तोच माझा चांगला लेख ना?

तुमच्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान उखाण्यांचं असेल, अशी माझी पैज. संक्रांतीच्या सुमारास आणि लग्नसराईत त्याचा आकडा उसळतो. पुरणपोळीची कृती लिहिली असेल तर होळीच्या आठवड्यात तीही उसळते. या आकड्यावरून लोकांना त्या दिवशी काय हवं होतं ते कळतं. तुम्ही कसं लिहिता त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. पान उघडलं हे मोजता येतं, शेवटच्या ओळीपर्यंत कोण आलं ते जेमतेम, आणि रात्री झोपताना कुणाला काय आठवलं ते मुळीच नाही.

मी दोन गोष्टी पाहायला सांगते. एक, कुणी एक लेख वाचून मागचे सात-आठ वाचत गेलं का. दुसरी, कुणी पत्रात तुमचं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं का. असं एक पत्र हजार भेटींपेक्षा जास्त सांगतं. आकडे पाहूच नका असं मात्र मी म्हणणार नाही. पाहायचे ते महिन्यातून एकदा, आणि लेख टाकला त्या दिवशी तर नाहीच.

जुने वाचक म्हणतात, ‘पूर्वीसारखं लिहा.’

पूर्वीचं वाचा म्हणावं, अजून तिथेच आहे.

मी वऱ्हाडीत लिहिते. एक जाणकार म्हणाले, प्रमाण मराठीत करा, नाहीतर पुण्या-मुंबईत कुणी हात लावणार नाही. काय करू?

हा प्रश्न मला वेगवेगळ्या बोलींतून येतो. मालवणीतून येतो, अहिराणीतून येतो, कोल्हापूरकडून येतो. उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण लेखकाने दुसऱ्याच्या मतापुढे मान तुकवल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच.

बहिणाबाई चौधरींच्या कविता लेवा बोलीत आहेत. त्या त्यांनी लिहिल्या नाहीत, म्हटल्या. मुलगा सोपानदेव आणि एका आप्ताने उतरवून ठेवल्या. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह निघाला. त्या ओळी कुणी प्रमाण मराठीत ‘नीट’ करून छापल्या असत्या तर काय उरलं असतं, याची नुसती कल्पना करून पाहा. गंमत अशी की पुण्या-मुंबईनेच ते पुस्तक डोक्यावर घेतलं.

शुद्धलेखनाचे सरकारमान्य नियम अठरा आहेत: १९६२ सालचे चौदा आणि १९७२ साली त्यात भर पडलेले चार. प्रमाण लेखनात ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार वगैरे कसं लिहायचं ते हे नियम सांगतात. तुम्ही कोणत्या बोलीत लिहावं याबद्दल ते काहीच म्हणत नाहीत. मुद्रितशोधकाने ‘काय करून राहिला’ काढून ‘काय करतो आहेस’ केलं, तर ती दुरुस्ती राहत नाही. बोलणारा माणूसच बदलला जातो.

पण बोलीत लिहायचं तर जबाबदारी वाढते, हलकी होत नाही. पान बारावर ‘मले’ आणि पान चाळीसवर ‘मला’ असेल तर त्याला कारण हवं. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत? वऱ्हाडी म्हणजे अकोल्याची की यवतमाळची? हे आधी ठरवा आणि एका कागदावर शब्दांची यादी करा: कोणता शब्द कसा लिहिणार. ती यादी मुद्रितशोधकाला द्या, नाहीतर तो सवयीने सगळं ‘सुधारून’ ठेवेल. आम्हा लोकांचा हात फार लवकर चालतो. शेवटी शब्दार्थांची यादी द्यावी का, असंही विचारतात. माझं मत, देऊ नये. शब्द वाक्यातून उमगत नसेल तर वाक्य सावरा.

मग माझ्यावर माझाच भरवसा असेल तर संपादक कशाला हवा?

आधी एक फरक. मुद्रितशोधक अक्षरं पाहतो, संपादक मजकूर पाहतो. पहिल्याबाबत चर्चाच नको, तो हवाच. आपलंच लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवतो, त्यामुळे डोळा चुकीवरून घसरतो. त्यात युनिकोडमधला मजकूर मांडणीवाला जेव्हा त्याच्या जुन्या फाँटमध्ये नेतो, तेव्हा ‘बिचाऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला ऱ्य मोडतो, ॲ आणि ऑ बिघडतात, अवतरणचिन्हं उलटी होतात. ब्लॉगवर शुद्ध असलेला लेख छापखान्यात अशुद्ध होऊ शकतो, हे पहिल्या वेळी कुणालाच खरं वाटत नाही.

संपादकाची गोष्ट निराळी. साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकांची, म्हणजे ठरावीक वेळ न पाळता निघणाऱ्या छोट्या अंकांची, लाट आली. ‘मौज’चं ‘सत्यकथा’ मासिक तेव्हा साहित्याचा मोठा दरवाजा होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत. हा दरवाजाच नको म्हणून तरुण मंडळींनी स्वतःच अंक काढले, काही तर सायक्लोस्टाइल करून, म्हणजे साध्या नकलायंत्रावर प्रती काढून. १९६९ साली राजा ढाले आणि इतरांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला. हे सगळं खूपदा सांगितलं जातं. कमी सांगितलं जातं ते असं की याच गोटातल्या अशोक शहाण्यांनी ‘प्रास प्रकाशन’ काढलं, अरुण कोलटकरांच्या कविता छापल्या, आणि अक्षरजुळणीपासून मुखपृष्ठापर्यंत जो काटेकोरपणा पाळला तो भल्या भल्या प्रकाशकांना जमला नाही. बाहेरचा संपादक नाकारला तेव्हा त्यांनी त्याचं कामही अंगावर घेतलं. आज ‘मला संपादक नको’ म्हणणाऱ्या किती जणांची हे काम अंगावर घ्यायची तयारी असते?

तुम्ही संपादक घेतलात तर एक पद्धत पाळा. त्याने सुचवलेला बदल नाकारायचा असेल तर समासात एका ओळीत कारण लिहा. ‘मला असंच आवडतं’ हेही कारण चालेल, पण पूर्ण पुस्तकात किती ठिकाणी तेच लिहावं लागलं ते शेवटी मोजा.

प्रकाशकांनी परत पाठवलं. म्हणजे पुस्तकात दम नाही, असंच ना?

प्रकाशकाच्या ‘नाही’ची कारणं बरीच असतात: पुढच्या दोन वर्षांची यादी भरलेली असते, कवितासंग्रह खपत नाहीत, तशाच विषयावरचं पुस्तक त्यांनी नुकतंच काढलेलं असतं. कधीकधी हस्तलिखित कुणी उघडलेलंच नसतं. कारण लिहून आलं असेल तर ते नीट वाचा. न आलं असेल तर मनाने रचू नका. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिथे अर्ज करून पाहा. तिथे तुमच्या ओळखीचं नसलेलं कुणीतरी मजकूर वाचतं, हाही एक फायदा.

ब्लॉगवर खूप लेख आहेत. सगळे घेऊन पुस्तक करायचं आहे.

सगळे नकोत. ब्लॉगवर माणूस एक लेख वाचून निघून जातो. पुस्तकात तो पहिल्यानंतर लगेच दुसरा वाचतो, आणि तुमची लकब त्याला तिसऱ्या लेखात सापडते. प्रत्येक लेख ‘परवा सहज’ने सुरू होतो, आईचा उल्लेख आला की डोळे पाणावतात, शेवटी पाऊस येतोच. एकेकटं वाचताना जे गोड वाटत होतं ते ओळीने आलं की वीट येतो. म्हणून निवड करताना चांगले लेख कोणते हे बघायच्या आधी एकमेकांसारखे कोणते ते बघा आणि प्रत्येक जोडीतला एक काढून टाका. आवडता असला तरी.

बातमीवर लिहिलेले लेख, दुव्यांवर उभे असलेले लेख आणि भांडणाला उत्तर म्हणून लिहिलेले लेख बहुधा कागदावर मरतात. अपवाद असतात, पण तुमचा लेख अपवाद आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

यात छापखान्याचाही थोडा हात असतो. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एकत्र छापायचा संच, धरतात. दोनशे पानं म्हणजे साडेबारा फर्मे, आणि २०८ म्हणजे बरोबर तेरा. ‘एवढी जागा उरतेच आहे तर अजून दोन लेख टाकू’ हा मोह नेमका इथे होतो. जागा उरली तर कोरी पानं सोडा. वाचकाने कोऱ्या पानाबद्दल कधी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

प्रती किती काढू?

पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती सर्रास निघायची, आता पाचशे, तीनशेच्याही निघतात, आणि डिजिटल छपाईत पन्नासही. लागतील तशा छापून घेण्याची सोय असताना पलंगाखाली गठ्ठे ठेवण्यात शौर्य नाही. कोण घेईल त्यांची नावं लिहून काढा. ‘लोक घेतील’ हे नाव नव्हे.

एक कंपनी पैसे घेऊन सगळं करून देते म्हणते. त्यांचं म्हणणं, लेखकाने फक्त लिहावं.

स्वतः प्रकाशन करणं आणि पैसे देऊन दुसऱ्याला प्रकाशक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पैशाने छापायचं आणि हक्क त्यांचे, असा करार असेल तर सही करण्याआधी वकील गाठा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणून ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द करारात कुठे दडलेत ते शोधा. कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे ‘आम्ही तुम्हाला कॉपीराइट मिळवून देतो’ असं कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर काय विकतो आहे ते विचारा. आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचंही तसंच. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि लेखक-प्रकाशकाला स्वतः अर्ज करता येतो.

लिहिताना खरी माणसं येतात. सासरचे, सोसायटीचे अध्यक्ष, जुने साहेब. कुठवर लिहायचं?

दोन प्रश्न एकात आहेत. कायद्याचा आधी घेऊ. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमाखाली येते. ‘पण हे खरं आहे’ एवढा बचाव फौजदारीत पुरत नाही. ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. सोसायटीच्या निधीचा गैरव्यवहार आणि अध्यक्षांच्या घरातली भांडणं यांतला फरक इथे कळतो. नाव बदललं म्हणजे सुटका, असंही नाही. वर्णनावरून माणूस ओळखू येत असेल तर नाव बदलून उपयोग नाही.

दुसरा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवायचा. मी एवढंच विचारते: ज्या माणसाबद्दल लिहिलंय त्याने समोर बसून हे पान वाचलं तर तुम्ही मान वर करून बसाल का? बसाल असं वाटत असेल तर ठेवा, मग तो रागावला तरी. बसवणार नाही असं वाटत असेल तर वाक्यात कुठेतरी सूड शिरलेला असतो. तो काढला की पान बहुतेक वेळा आणखी चांगलं होतं.

टोपणनावाचा पर्याय जुना आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. पुस्तकावर मोठं वादळ उठलं आणि ही बाई कोण याचा शोध लोक घेत राहिले. लेखिका होत्या पुढे मालती बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या त्या. टोपणनावाने हात मोकळा होतो हे खरं. पण ते नाव कायद्यापासून लपवत नाही, आणि गावातल्या चाणाक्ष बायकांपासून तर नाहीच.

लेखावरून गदारोळ झाला. काढून टाकू का?

ज्यांनी आधीच ठरवलं होतं की यासाठी किंमत मोजायची, त्यांच्यात र. धों. कर्वे येतात. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. लेखन, संपादन, खर्च, सगळं बहुतांशी एकट्याचं. त्याआधी १९२५ मध्ये कॉलेजातली प्राध्यापकी गेली होती. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. वाचकांच्या प्रश्नांना ते अंकातून रोखठोक उत्तरं देत, आणि ती आज वाचताना कुठेही आव आणल्यासारखी वाटत नाहीत. माहिती तपासलेली असली की आवाज चढवावा लागत नाही.

आता तुमच्याकडे. दोघांनी शिवी दिली म्हणून कुणी र. धों. होत नाही. आधी एवढंच बघा: तुमच्या लेखात चुकीचं काही आहे का? असेल तर दुरुस्त करा आणि दुरुस्त केल्याचं तिथेच लिहा. नसेल आणि फक्त लोक चिडले असतील तर लेख राहू द्या, उत्तरं देत बसू नका. धमकी मात्र वेगळी गोष्ट. तिचे स्क्रीनशॉट घ्या, घरी सांगा, पोलिसात जा. २०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर देशभर गाजलेलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा ठेवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. भीतीपोटी लेख काढला तरी त्यात लाज नाही. पण वहीत खरं कारण लिहा. ‘लेख तसा बराच नव्हता’ असं लिहून ठेवलंत तर पुढच्या वेळी तुमचीच वही तुम्हाला फसवेल.

प्रस्तावना मोठ्या माणसाकडून घ्यावी का?

त्याला पुस्तकाबद्दल खरंच काही सांगायचं असेल तर. ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्याचे कवी नामदेव ढसाळ यांचं जग आपल्याला परकं आहे हे लपवण्याऐवजी तेंडुलकर ते समजून घ्यायला निघाले, आणि तेच प्रस्तावनेत उतरलं. अशी मिळत असेल तर वर्षभर थांबा. ‘नवोदित लेखकाचे हे पाऊल स्वागतार्ह आहे’ अशी मिळणार असेल तर ती चार पानं कोरीच बरी.

चॅटबॉटला लेख दाखवला. त्याने खूप कौतुक केलं.

त्याला मामाचा लेख दाखवा, त्याचंही करेल.

पुस्तक छापून आलं. पहिल्याच पानावर चूक दिसली. आता?

ती दिसतेच. मोठी असेल, म्हणजे नाव, तारीख किंवा अर्थ उलटला असेल, तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घाला. वेलांटीची असेल तर सोडा. एका प्रतीवर ‘दुरुस्तीची प्रत’ असं लिहून ती घरी ठेवा. पुढे तुम्हाला किंवा कुणा वाचकाला जे सापडेल ते त्यातच पेन्सिलीने नोंदवा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी शोधाशोध नको.

प्रेसकडून अंतिम पीडीएफ आणि मांडणीची मूळ फाईल, दोन्ही मागून घ्या आणि बिल चुकतं करण्याआधी उघडून बघा. प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्या चार प्रती वाटपाच्या यादीत आधीच बाजूला काढा. प्रकाशन समारंभाच्या दिवशी आत्यांच्या हाती लागल्या की परत मिळत नाहीत.